दोन पात्यांचं फाटक आणि एक टोपली

बरखेडीच्या रेल्वे फाटकाबद्दल आज गावात कुणालाही विचारलं तर तो सांगेल, "इथे पूर्वी दोन फाटकवाले होते." हे अर्धंच खरं आहे. फाटकवाले दोन होते, पण फाटक चालवत होत्या त्यांच्या बायका. मी तेव्हा नऊ-दहा वर्षांची होते आणि आमचं घर फाटकापासून हाकेच्या अंतरावर होतं. या बाबतीत माझ्याशी वाद घालू शकतील अशी माणसं आता उरलेली नाहीत. म्हातारपणाची ही एक सोय आहे.

देवासला त्या काळी दोन राजे होते. एकाच गावात, एकाच टेकडीच्या पायथ्याशी, दोन राजवाडे, दोन दिवाण, दोन तुरुंग. एक थोरली पाती आणि एक धाकटी पाती. पाती म्हणजे वाटणी. फार पूर्वी दोघा भावांत झालेली. बाहेरगावचे पाहुणे हे ऐकून हसायचे. आम्हाला मात्र एकच राजा असलेली गावं जरा अपुरी वाटायची.

बरखेडी त्या दोघांच्या मुलखाच्या पार कोपऱ्यात, आणि तीही अर्धी अर्धी. गंमत अशी की खुद्द देवासला तेव्हा आगगाडी नव्हती. राजधानीतल्या मोठमोठ्या मंडळींना गाडी पाहायची तर टांग्यात हाडं खिळखिळी करून उज्जैन गाठावं लागे. आमच्या कोपऱ्यातून मात्र रेल्वे कंपनीची मोठी लाइन गेली. कुणाची जमीन जास्त गेली अशी ओरड नको म्हणून कंपनीच्या इंजिनिअरने रूळ बरोबर दोन पात्यांच्या शिवेवर टाकले. बिचारा परका माणूस. त्याला वाटलं, आपण भांडण टाळलं.

रूळ झाले तसं गाडीवाटेवर फाटक आलं. रुळाच्या अलीकडे एक दार, पलीकडे एक दार. अलीकडचं दार थोरल्या पातीच्या हद्दीत उघडे, पलीकडचं धाकटीच्या. कंपनीने एक फाटकवाला नेमायचं ठरवलं होतं. माझे वडील तात्या हे थोरल्या पातीचे कमाविसदार, म्हणजे आमच्या अर्ध्या गावाचा कारभार पाहणारे अधिकारी. त्यांनी कंपनीला लिहिलं, "आमच्या दाराला आमचाच माणूस हात लावील." पलीकडचे कमाविसदार नारायणराव यांनी तेच लिहिलं, फक्त अक्षर जास्त चांगलं होतं. मग फाटकवाले दोन झाले.

राहता राहिली केबिन. दगडी पाया, त्यावर चहूबाजूंनी काचा असलेली लाकडी खोली आणि वर चढायला लोखंडी जिना. इतका अरुंद की एका वेळी एकच माणूस जावा, तोही जेवणाआधी. केबिन थोरल्या पातीच्या बाजूला बांधली म्हणून धाकटीने तक्रार केली. मग कंपनीने जिन्याचं तोंड धाकटीकडे वळवलं. सगळे खूश झाले. चढणाऱ्याला मात्र केबिनला वळसा घालून जावं लागे.

आता केबिनचं काम कसं चाले ते सांगते, म्हणजे पुढची गंमत कळेल. गाडी यायची झाली की फाटकाची दोन्ही दारं लावायची. दार लावून कुलूप फिरवलं की त्यातून किल्ली निघे. अशा दोन किल्ल्या केबिनमध्ये न्यायच्या आणि तिथल्या लोखंडी चौकटीत बसवायच्या. दोन्ही किल्ल्या बसल्या तरच सिग्नलचा खटका ओढता येई, सिग्नलचा हात खाली पडे आणि गाडी पुढे येई. एक किल्ली जरी खाली राहिली तरी गाडी गावाबाहेर उभी. व्यवस्था फार हुशारीची होती. ज्याने ती शोधली त्याला देवास ठाऊक नव्हतं एवढंच.

थोरल्या पातीचे फाटकवाले हंबीरराव. उंच, मिशा वर वळवलेल्या, पूर्वी पागेत नोकरीला होते, त्यामुळे फाटकाजवळही घोड्याची वाट पाहत असल्यासारखे उभे राहायचे. धाकटीचे भगवंतराव ठेंगणे, गोल, बोलायला हळू आणि हट्टाला पक्के. हंबीररावांचं म्हणणं, "पाती थोरली आमची. पहिली किल्ली आमची चढणार." भगवंतराव म्हणायचे, "पातीचं पातीपाशी. नात्यात थोरला मी आहे."

कारण हे दोघे साडू होते. थोरली बहीण भवानीबाई धाकट्या पातीच्या भगवंतरावांना दिलेली आणि धाकटी बहीण जानकीबाई थोरल्या पातीच्या हंबीररावांना. म्हणजे फाटकावर हंबीरराव मोठे आणि घरात भगवंतराव मोठे. आणि दोघांची घरं फाटकालाच लागून, एक अलीकडे, एक पलीकडे. मग घर कुठे संपतं आणि फाटक कुठे सुरू होतं हे ठरवायचं कुणी?

तात्यांनी देवासला लेखी विचारणा केली. आठ महिन्यांनी उत्तर आलं, "पूर्वापार चालत आले आहे त्याप्रमाणे करावे." फाटक बांधून तेव्हा दहाच महिने झाले होते.

पहिल्यांदा गाडी अडली ती वीस मिनिटं. गार्ड हिरवं-लाल निशाण काखेत मारून रुळारुळाने चालत आला, तेव्हा दोघे साडू आपापली किल्ली छातीशी धरून जिन्याच्या पायथ्याशी उभे होते.

"चला ना, साडूबुवा," हंबीरराव म्हणत होते, "माझ्यामागून या."

"तुम्ही व्हा बाजूला, मी पुढे होतो," भगवंतराव म्हणत होते. "वडीलधाऱ्याला वाट द्यायची असते, हे पागेत शिकवत नाहीत वाटतं?"

वर केबिनमध्ये खटका ओढायला कंपनीचा उमाशंकर होता. शाजापूरकडचा बामण, मनाने साधा, रोज पहाटे हनुमानाला नारळ बोलायचा की आजची गाडी निघू दे. तो खिडकीतून अर्धा बाहेर येऊन हात जोडत होता. "अरे भिया, कोई तो आ जाओ! म्हारी नौकरी जायगी!"

दुसऱ्यांदा गाडी पाऊण तास उभी होती. लोक उतरले, ओढ्यावर हातपाय धुतले. एका गृहस्थांनी तर धोतर धुऊन रुळांच्या कडेच्या बाभळीवर वाळत घातलं, आणि गाडी सुटली तेव्हा ते ओलंच होतं म्हणून कंपनीला शिव्या दिल्या.

त्यानंतर कंपनीचं पत्र आलं. दोन प्रती, दोन्ही कमाविसदारांना एकाच दिवशी. तेवढं कंपनी शिकली होती. पुन्हा एकदा गाडी अडली तर हे फाटक बंद करून भिंत घालण्यात येईल, रस्ता दोन कोसांवरच्या पुलाखालून वळवला जाईल आणि दोन्ही फाटकवाले आपापल्या दरबाराकडे परत पाठवले जातील.

गावाला काळजी पडली ती दोन कोसांची. तात्यांना काळजी पडली की भिंत कुणाच्या हद्दीत येणार. आमची आई, तिला आम्ही अक्का म्हणायचो, त्या संध्याकाळी भवानीबाईंकडे गेली आणि डोळे पुसत परत आली. तात्यांनी विचारलं, "काय झालं?"

"तुम्हाला भिंतीची पडलीय," अक्का म्हणाली. "त्या दोघींची ताटातूट होईल, त्याचं काय?"

तात्यांनी दप्तर उघडलं. ही गोष्ट त्यांच्या कागदात नव्हती.

त्या दोघी बहिणी नर्मदेकाठच्या धरमपुरीच्या. त्यांचे वडील तिथल्या नावेच्या घाटावर धार दरबाराचे नाकेदार. मुलींची लग्नं एकाच मांडवात झाली आणि दुसऱ्या दिवशी दोन बैलगाड्या दोन दिशांना गेल्या. एक थोरल्या पातीच्या पूर्वेच्या टोकाला, दुसरी धाकटीच्या पश्चिमेच्या टोकाला. अकरा वर्षं भेट नाही. मध्ये वडील गेले तेही दोघींना वेगवेगळ्या महिन्यांत कळलं. मग हे फाटक आलं, आणि दोन पात्यांनी दोन माणसं धाडली. कोण कुणाचा साडू हे दरबारात कुणाला ठाऊक असणार!

जानकीबाई आधी आल्या होत्या. एका सकाळी त्या दारात मिरच्या वाळत घालत होत्या. रुळापलीकडे नव्या फाटकवाल्याची बैलगाडी येऊन थांबली आणि तीतून एक बाई पाठमोरी उतरली. उतरताना तिने आधी डावा पाय टेकला आणि मग साडीचा काठ झटकला. जानकीबाईंच्या हातातलं सूप खाली पडलं. "नाव बांधल्यावर आमची ताई अशीच उतरायची हो," त्या अक्काला सांगायच्या. "तोंड बघायच्या आधीच मी रूळ ओलांडला." त्या दिवशी गाडी येत नव्हती म्हणून बरं.

असं हे फाटक त्यांना मिळालं होतं. भिंत झाली असती तर हंबीरराव पुन्हा पूर्वेला, भगवंतराव पुन्हा पश्चिमेला, आणि दोन बायका दोन बैलगाड्यांत. नवऱ्यांना समजवण्याचा प्रयत्न दोघींनी केला. जानकीबाईंना उत्तर मिळालं, "दरबाराच्या इज्जतीचा प्रश्न आहे." भवानीबाईंना उत्तर मिळालं, "वडीलकीचा प्रश्न आहे." तेव्हा दोघींनी नवऱ्यांना विचारणं सोडून दिलं. संसारात कित्येक गोष्टी इथूनच सुरळीत होतात.

नावेच्या घाटावर वाढलेल्या मुलींना एक गोष्ट पक्की माहीत होती. नाव दोन दोरांनी बांधलेली असते, एक पुढे नाळेकडे, एक मागच्या टोकाला. दोन्ही दोर एकाच क्षणी सोडावे लागतात. एक आधी सुटला तर नाव गर्रकन फिरते आणि माणसं पाण्यात. घाटावर त्यासाठी एक हाक होती. एका टोकाची म्हणायची, "एक बाई!" दुसऱ्या टोकाची म्हणायची, "दोन बाई!" आणि मग दोघी मिळून, "रेवाबाई!" त्या शब्दाबरोबर दोन्ही दोर मोकळे. रेवा म्हणजे नर्मदाच. तिचं नाव घेतल्यावर आधी कोण आणि मागून कोण, हा प्रश्न उरत नसे.

त्यांनी तीच हाक फाटकाला लावली. गाडीची वेळ झाली की अलीकडून जानकीबाई, पलीकडून भवानीबाई बाहेर यायच्या. दारं लावायच्या. "एक बाई!" "दोन बाई!" "रेवाबाई!" आणि दोन्ही कुलपं एकदम फिरायची, खट्ट. ऐकणाऱ्याला एकच आवाज यायचा.

राहिला तो जिना. त्यालाही उपाय धरमपुरीचाच. पुराच्या दिवसांत घाटावरून टपाल दोरीच्या टोपलीतून नावेत सोडत. उमाशंकरला त्यांनी एक वेताची टोपली दिली. तो ती खिडकीतून खाली सोडायचा, दोघी एकदम किल्ल्या टाकायच्या, तो वर ओढायचा आणि दोन हातांनी दोन किल्ल्या एकदम चौकटीत बसवायचा. "रामजी ने दो हाथ कायको दिए?" तो म्हणायचा. "म्हारे को तो आज समझा."

आणि साडू काय करायचे? गाडीच्या वेळी दोघेही दरबारी पट्टा बांधून, फाटकाकडे पाठ करून, आपापल्या हद्दीत उभे राहायचे. हंबीरराव पूर्वेकडे बघायचे, भगवंतराव पश्चिमेकडे. मागे "रेवाबाई" झालं, खट्ट झालं, टोपली चढली, की दोघे वळायचे आणि गाडीला सलाम करायचे. मी माघार घेतली नाही याचं समाधान दोघांना. पहिली किल्ली कुणाची गेली, हे पाहायला दोघेही समोर नव्हते ना!

असं दोन वर्षं चाललं. एकही गाडी अडली नाही. त्या टोपलीतून हळूहळू इतर गोष्टीही वर जाऊ लागल्या. भवानीबाईंच्या भाकऱ्या, जानकीबाईंची लसणीची चटणी, गुरुवारी दोन केळी. उमाशंकर गोल होत चालला.

सगळं एवढं सुरळीत झालं, आणि तेच नडलं. ज्या फाटकाच्या तक्रारींचा ढीग होता, तिथून अचानक एकही तक्रार येईना, याचा कंपनीच्या साहेबाला संशय आला. तपासणीला तो स्वतः येणार असं कळलं. साहेबाचा स्वतंत्र डबा, एक इंजिन, सकाळी अकरा वाजता. आणि ते जुनं पत्र अजून तसंच होतं. आणखी एकदा अडली की भिंत.

गावात धावपळ उडाली. तात्यांनी पेटीतून जरीची पगडी काढली. नारायणरावांनी पलीकडे तंबू ठोकला, म्हणून तात्यांनी अलीकडे ठोकला, खांब एक जास्त. मग दोघांनी एकच हुकूम दिला, तेवढ्यावर मात्र त्यांचं एकमत झालं: साहेबासमोर बायका फाटकापाशी दिसता कामा नयेत.

"अहो, मग फाटक कोण लावणार?" अक्काने विचारलं.

"कोण म्हणजे? हंबीरराव लावतील. नोकरी त्यांची आहे."

"त्यांना येतं का?"

तात्यांनी पगडी नीट केली. "कुलूप फिरवायला काय यायचंय?"

"फिरवायला काही यावं लागत नाही," अक्का म्हणाली. "थांबायला यावं लागतं."

उमाशंकरलाही हुकूम मिळाला, टोपली हलव. त्याने ती आदल्या दिवशीच भाकरीच्या फडक्यासकट घरी धाडली, केबिन धुऊन काढली आणि नवा केशरी साफा बांधून उभा राहिला. नऊ हात लांब साफा. डोकं दिसेनासं झालं होतं.

अकराच्या सुमाराला दूर धूर दिसला. दोन तंबूंतून दोन कमाविसदार बाहेर आले. मी अक्काचा पदर धरून जानकीबाईंच्या दाराआड उभी होते. जानकीबाईंनी पडदा बोटभर सरकवला होता. 

हंबीरराव आज तलवार लावून आले होते. भगवंतरावांना तलवार मिळाली नव्हती म्हणून त्यांनी दोन पदकं लावली होती, त्यातलं एक उमाशंकरचं होतं. दोघे आपापल्या दारापाशी गेले, दारं लावली, कुलपाला हात घातला. आणि थांबले.

"फिरवा की," हंबीरराव म्हणाले.

"तुम्ही फिरवा," भगवंतराव म्हणाले. "थोरली पाती ना तुमची?"

"हो, पण मग किल्ली पहिली चढणार माझी."

"मग राहू दे."

गाडीने लांबून शिटी दिली. तात्या खाकरले. पलीकडे नारायणराव खाकरले. कुणी हलेना. जानकीबाईंनी माझ्या आईकडे पाहिलं. मग डोळे मिटले आणि आतूनच, आपल्या घरातूनच, खणखणीत आवाजात हाक दिली, "एक बाई!"

पलीकडच्या बंद दारामागून उत्तर आलं, "दोन बाई!"

आणि दोघींची मिळून, "रेवाबाई!"

दोन वर्षं दोघा साडूंनी तो शब्द पाठमोरं उभं राहून ऐकला होता. हात ऐकून तयार झाले होते बहुतेक. खट्ट! दोन्ही कुलपं एकदम फिरली. दोघे साडू स्वतःच्या हाताकडे बघत राहिले. नारायणरावांनी विचारलं, "हे कोण ओरडलं?" तात्या म्हणाले, "कोण जाणे, तुमच्याकडूनच आलं."

इथवर ठीक झालं. पण किल्ली हातात आल्याबरोबर दोघांना जिना आठवला. हंबीरराव लांब पावलं टाकत वळसा घालून निघाले. भगवंतराव ठेंगणे, पण त्यांची वाट सरळ होती. दोघे एकाच वेळी पायथ्याशी पोचले, एकाच वेळी पहिल्या पायरीवर चढले, आणि तिसऱ्या पायरीवर अडकले. नुसते अडकले असते तर निघाले असते. हंबीररावांची तलवार कठड्याच्या गजांत आडवी गेली आणि भगवंतरावांचं एक पदक हंबीररावांच्या पट्ट्यात गुंतलं.

"मागं व्हा!"

"तुम्ही मागं व्हा! माझं पदक सोडा आधी!"

"तुमचं? ते उमाशंकरचं आहे!"

"अरे भिया, लड़ो मत!" उमाशंकर वरून रडकुंडीला आला. "गाडी सिंगल पे खड़ी है! टोपली भी नी है!"

गाडी खरोखरच उभी राहिली होती. दुसरी शिटी, तिसरी शिटी. साहेबाच्या डब्याचं दार उघडलं. टोपी घातलेला एक लांबलचक माणूस खाली उतरला, मागून त्याचा कारकून, आणि दोघे रुळाच्या कडेने आमच्याकडे चालू लागले. तो पोचेपर्यंतच काय तो अवकाश होता.

जानकीबाईंनी पडदा बाजूला केला. अक्का म्हणाली, "अगं, तात्या बघतायत." जानकीबाई म्हणाल्या, "बघू देत बाई. माझी ताई जाईल ती काय तात्या परत आणून देणार आहेत?" आणि डोक्यावरून पदर घेऊन त्या सगळ्या गावासमोर, दोन तंबूंमधून, सरळ चालत गेल्या. पलीकडून भवानीबाई येतच होत्या.

जिन्यापाशी जाऊन भवानीबाईंनी नवऱ्याच्या मुठीतून किल्ली काढून घेतली, तशीच जानकीबाईंनी आपल्या नवऱ्याच्या.

"अहो, मला आधी सोडवा," भगवंतराव पुटपुटले.

"तुम्हाला नंतर बघू," भवानीबाई म्हणाल्या. मग वर बघून, "उमाशंकर! साफा सोड!"

"साफा?" उमाशंकरचा हात डोक्याकडे गेला. "साहब के सामने, नंगे सर?"

"नोकरी राहिली तर डोकं झाकशील. सोड!"

त्याने एक क्षण आभाळाकडे पाहिलं. मग साफ्याचं टोक खिडकीतून खाली आलं आणि तो स्वतःभोवती फिरू लागला. केशरी कापड वेटोळ्या-वेटोळ्यांनी उतरत राहिलं. दोघींनी टोकाला दोन्ही किल्ल्या एकाच गाठीत बांधल्या. किल्ल्या वर गेल्या. केबिनमध्ये लोखंडाचा खडखडाट झाला आणि तिकडे लांब सिग्नलचा हात खाली पडला.

साहेब तेव्हा अर्ध्या वाटेत होता. त्याच्या शेजारून त्याचीच गाडी, त्याचाच रिकामा डबा घेऊन, शिटी वाजवत पुढे निघून गेली. तो थांबून बघत राहिला. मग चालत फाटकापाशी आला. दार बंद होतं म्हणून तिथेही थांबला. बाजूने जायचा मार्ग होता, पण कुणी सांगायला धजेना.

शेवटी तो जिन्याजवळ आला. तिथे दोन दरबारी नोकर एकमेकांत गुंतलेले, दोन बायका पदर सावरत उभ्या आणि वर एक टक्कल. साहेबाने कारकुनाला काहीतरी विचारलं. कारकून म्हणाला, "साहेब विचारतात, गाडी का थांबली? आणि या फाटकाचं काम करतं कोण?"

 तात्या पगडीत बोट घालून खाजवू लागले. भवानीबाईंनी जानकीबाईंचा हात घट्ट धरला. दोघींचीही नखं पांढरी पडलेली मला अजून दिसतात. आम्हीच करतो असं फाटकवाल्यांनी म्हणायचं, तर आजच्या अडलेल्या गाडीचं खापर त्यांच्यावर आणि भिंत नक्की. खरं सांगायचं, तर मिशा, पट्टा, तलवार सगळंच गेलं.

हंबीररावांनी भगवंतरावांकडे पाहिलं. इतक्या जवळून त्यांनी एकमेकांना पूर्वी कधी पाहिलं नसावं. भगवंतरावांनी बायकोच्या हाताकडे पाहिलं. आणि दोघे बोलले, एकाच दमात, कुणी आधी नाही, कुणी मागून नाही.

"आमच्या बायका करतात, साहेब."

कारकुनाने सांगितलं. साहेबाच्या मिशीखाली काहीतरी हललं. त्याने विचारलं, किती दिवसांपासून? उमाशंकरने वरून बोटं दाखवली, "दो साल! साहब, दो साल में एक गाडी नी रुकी! आज इनको घर में बैठा दिया, तो आज रुकी!"

साहेबाने मग सगळं करून दाखवायला सांगितलं. अक्काने मला पिटाळलं आणि मी उमाशंकरच्या घरून टोपली आणली. त्या टोपलीत एक वांगं राहिलं होतं. ते साहेबाने हातात घेऊन पाहिलं आणि परत जागेवर ठेवलं. दोघी आपापल्या दारांशी गेल्या. "एक बाई!" "दोन बाई!" "रेवाबाई!" खट्ट. किल्ल्या टोपलीत पडल्या आणि वांग्यासकट वर गेल्या. साहेबाने खिशातलं घड्याळ काढून वेळ मोजली आणि पुन्हा एकदा करायला सांगितलं. दुसऱ्या वेळी, मला वाटतं, तो फक्त हौसेने बघत होता.

महिन्याभराने कंपनीचा हुकूम आला. दोन प्रती. फाटक चालू राहील. फाटकवाले तेच राहतील. मात्र दारं लावण्याचं काम त्यांच्या कुटुंबांकडून करून घेण्यात यावं, आणि फाटकवाल्यांनी त्या वेळी जिन्यापासून दहा पावलं दूर राहावं. सोबत एक नवी टोपली आली, लोखंडी कडीची, कंपनीचा नंबर घातलेली. तात्यांनी लगेच लिहून विचारलं की टोपली कोणत्या पातीच्या हद्दीत गणायची. त्याचं उत्तर अजून यायचं आहे.

साडू पुन्हा पूर्वेकडे आणि पश्चिमेकडे तोंड करून उभे राहू लागले, पण आता हुकमाने, त्यामुळे ताठपणा आणखी वाढला. उमाशंकरने तो साफा नंतर कधी बांधला नाही. टोपलीची दोरी तुटली तर असू द्यावा, म्हणून खिडकीशी टांगून ठेवला होता.

माझं लग्न होऊन मी इंदूरला गेले. पात्या गेल्या, राजे गेले, हंबीरराव आणि भगवंतराव एकाच वर्षी गेले. आधी कोण, हे मी मुद्दाम सांगत नाही. राज्यं विलीन झाल्यावर काही वर्षांनी मी एकदा बरखेडीला गेले. केबिनच्या काचा फुटल्या होत्या. फाटकाची जुनी दारं जाऊन दोन लांब दांडे आले होते. एकच माणूस एकच चाक फिरवी आणि दोन्ही बाजू एकदम उघडत.

भवानीबाई आणि जानकीबाई आता पलीकडच्या घरात एकत्र राहत होत्या. चहा झाला, अक्काच्या आठवणी निघाल्या, कंपनीची टोपली पाहिली. तीत कांदे होते. माझ्या बसची वेळ झाली तशा दोघी मला पोचवायला निघाल्या. चाक फिरून दांडे खाली आलेले होते, पण पायी जाणाऱ्यांसाठी कडेला एक चिंचोळी वाट ठेवली होती, एका वेळी एकच माणूस जाईल अशी. मी रूळ ओलांडून अलीकडे आले आणि वळून पाहिलं.

दोघी वाटेच्या तोंडाशी उभ्या होत्या.

"ताई, तू हो पुढे," जानकीबाई म्हणत होत्या. "मोठी तू आहेस."

"छे गं, तू हो. थोरल्या पातीची तू."

"आता कुठली पाती? हो पुढे."

"आधी तू."

बसने हॉर्न दिला. ड्रायव्हर म्हणाला, "बाई, चलना है क्या?"

मी म्हटलं, "थांब जरा, भिया. इथे वेळ लागतो."